सोळावा शर्ट

आधी उलटा कर. नाही, तसा नाही,
बाहीत हात घालून, सशाचं कातडं सोलतात तसा.
छाप आत गेला पाहिजे, शिवण बाहेर.
या ड्रमला डोळे नाहीत, यानिरा,
समोर येईल ते खरवडतो.

सोमवारी क्लबचे पंधरा शर्ट येतात.
टेकडीवरच्या मैदानाची लाल माती
आणि रविवारी हरल्याचा वास.
जिंकले तरी वास तोच,
पण तेव्हा बिअरचे डाग जास्त असतात.

पाणी गार. अगदी गार.
जुलैत बोटं बधिर होतील, होऊ देत.
गरम पाण्यात हे आकडे मऊ पडतात,
एकमेकांना धरतात.
एकदा चाराला साताने अशी मिठी मारली
की सोडवताना दोघंही गेले.
चार नंबर वेन्सेस्लाओचा.
तो अजून मला बोलून दाखवतो.

छातीवर बेकरीचं नाव आहे, लागतंय का वाचायला?
उर्सुआ आणि मुलगे.
बेकरी बंद होऊन सहा वर्षं झाली,
मुलगे सान्तियागोत टॅक्सी चालवतात,
आणि ही पोरं दर रविवारी
नसलेल्या पावाची जाहिरात करत मैदानभर धावतात.
मधलं एक अक्षर बहुतेकांचं गळलंय.
ते माझ्याकडे यायच्या आधीच गळलं होतं, विचार कोणालाही.

ब्लीच नाही. ते मऊ करणारं निळं पाणी नाही,
त्याने कापडाला सुगंध येतो आणि आकडे पकड सोडतात.
पिळायचं नाही. एकदाच झटकायचं.
वाळत मागच्या बोळात, सावलीत, खांदे खाली.
दुपारी वाल्पाराइसोचा वारा बंदरावरून चढत येतो,
पंधराही शर्टांत शिरतो, पोटं फुगवतो.
तेव्हा बघ दोरीकडे:
डोकं खाली, पाय वर,
पण अशी टीम कधी हरायची नाही.

इस्त्री छापावर नाही म्हणजे नाही.
आतून फिरव, मध्ये जुन्या अभ्र्याचा तुकडा ठेवून.
विसरलीस तर तळाला सात नंबर चिकटेल,
आणि मग वर्षभर बस
लोकांच्या पांढऱ्या चादरींना नंबर देत.

आता हा.
तू पंधरा मोजलेस ना? हा सोळावा.
हा पिशवीतून येत नाही.
दोन्या ओतिलिया स्वतः आणते, घडी घालून, वर्तमानपत्रात.
अकरा नंबर. निबाल्दोचा.
तो उत्तरेला खाणीत गेला त्याला,
थांब, त्या वर्षी भूकंपाने माझी भिंत तडकली,
म्हणजे चार वर्षं.
फोन येतो म्हणते. मी किती ते विचारत नाही.

हुंगून बघ. मळलेला नाही.
कोणी घातलाच नाही तर मळेल कसा?
तरी दर सोमवारी:
“एदुविहेस, टीमबरोबरच धू हं.”

पहिले काही महिने धुतला.
मग एकदा उजेडात धरला,
तर अकरातल्या दुसऱ्या एकाला
केसाएवढी भेग.
कितीही जप, दर पाण्याला थोडं जातंच.
इतरांचं जातं ते मळाबरोबर जातं.
याचं नुसतंच जात होतं.

तेव्हापासून मी हा धूत नाही.

ओल्या हाताने बाह्यांवर शिंतोडे मारते.
वेन्सेस्लाओ आणि गोलकीपरच्या मध्ये टांगते,
साबणाचा वास शेजारून लागतो.
संध्याकाळी आतून इस्त्री, नवा कागद.
पैसे घेते. हो, पूर्ण घेते.
नाही घेतले तर तिला कळेल.

माझे गुडघे आता मला विचारून चालत नाहीत.
एखाद्या सोमवारी मी नसेन.
ती शर्ट काउंटरवर ठेवील,
घडीवरून हात फिरवील, विचारील,
“गार पाण्यातच ना?”

खाली बघू नकोस.
हो म्हण. गार पाण्यातच.